फौजदारी कायद्यातील चूक व अज्ञान

कृत्य करताना कर्त्याला वस्तुस्थितीविषयी वा कायद्याविषयी असलेला गैरसमज त्याच्या अपराधित्वावर कितपत परिणाम करतो, हे ठरविणारे तत्त्व. भारतीय दंड संहितेची ७६ व ७९ ही कलमे त्याचा आधार होती. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमे १४ व १७ आली. त्यांनुसार, तथ्यविषयक चुकीमुळे आपले कृत्य कायद्याने बंधनकारक किंवा समर्थनीय आहे असे सद्भावपूर्वक मानणाऱ्याकडून अपराध घडत नाही. उदाहरणार्थ, न्यायालयाच्या हुकुमावरून निघालेल्या अधिकाऱ्याने योग्य चौकशीनंतरही भलत्याच माणसाला अटक केली तर तो दोषी ठरत नाही. मात्र मन निर्मळ असणे पुरेसे नसते, दक्षताही घेतलेली असावी लागते आणि ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो.

कायद्याविषयीच्या चुकीला ही कलमे स्पष्टपणे वगळतात. हा नियम किती कठोर होऊ शकतो, हे मुंबईत उद्‌भवलेल्या महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज या खटल्यात दिसते. भारतमार्गे पुढे जाणारे सोनेही विमानाच्या मालयादीत नोंदलेले असावे, ही रिझर्व्ह बँकेची अट २४ नोव्हेंबर १९६२ च्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. झुरिकहून मनिलाला निघालेला हा जर्मन प्रवासी २८ नोव्हेंबरला मुंबईत विमानातून उतरलाही नव्हता. कस्टम अधिकाऱ्यांना त्याच्या जाकिटात ३४ किलो सोने सापडले. दंडाधिकाऱ्यांनी दिलेली एक वर्षाची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ मध्ये बहुमताने त्याला पुन्हा दोषी ठरविले : तस्करी रोखणाऱ्या कायद्यात दोषी मनाची (गुन्ह्याच्या हेतूची वा जाणिवेची) अट मानली तर त्याचा हेतूच विफल होईल आणि अधिसूचना भारतात प्रसिद्ध होणे पुरेसे आहे. न्या. सुब्बा राव यांचे मत विरोधी होते, आणि अपराधाच्या नैतिक बाजूचा विचार करता तेच अधिक पटणारे वाटते. बहुमतानेही शिक्षा भोगलेल्या मुदतीपुरतीच ठेवली. म्हणजे अज्ञानाने दोष टळला नाही, तरी शिक्षा ठरताना आरोपीची परिस्थिती विचारात घेतली गेली.

प्रत्येकाला कायदा ठाऊक असतो असे मात्र कोणतेही गृहीतक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीलाल पदमपत शुगर मिल्स प्रकरणात सांगितले; अज्ञान ही सबब ठरत नाही, एवढाच तो नियम. अपराधाच्या व्याख्येतच विशिष्ट हेतू असेल, तर कायद्याविषयीचा गैरसमजही अप्रत्यक्षपणे उपयोगी पडतो. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. त्यामुळे वस्तू आपल्याच हक्काची आहे असे प्रामाणिकपणे मानून ती उचलणारा, त्याचा हक्काचा दावा कायद्यात टिकणारा नसला तरी, चोर ठरत नाही.