बजेट आहे, मग बिझनेस प्लॅन कशाला?

वाढत्या कंपनीच्या मालकाकडे बिझनेस प्लॅन मागितला की बऱ्याचदा एक्सेलची शीट उघडली जाते. बारा महिने, विक्री, पगार, भाडं, जाहिरात आणि तळाशी नफा. शीट नेटकी असते, पण ते बजेट झालं. दोन्हींत आकडे, दोन्ही उद्याबद्दलचे, म्हणून गल्लत होते.

बजेट साधारण एका वर्षाचं असतं. कोणत्या खात्यानं किती खर्च करायचा हे ते ठरवतं आणि महिनाअखेरीस ताळा घेतं. ते हवंच. बिझनेस प्लॅन त्याच्या आधी येतो आणि तीन-पाच वर्षं पुढचं बघतो: ग्राहक कोण, तो आपल्याकडेच का येईल, वाढीला पैसा कुठून येणार, आणि हे सगळं आपण काय गृहीत धरून बोलतोय.

एकच ओळ घ्या: ‘विक्रीसाठी दोन नवी माणसं’. बजेटात तिथे पगार आणि प्रवासखर्च दिसतो. प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं की नवा माणूस पहिली ऑर्डर चौथ्या महिन्यात आणेल, ग्राहक 60 दिवसांनी पैसे देईल, म्हणजे निदान सहा महिने त्याचा पगार आधीच्या धंद्यातून निघायला हवा. चौथा महिना कोरडा गेला तर बजेट एवढंच सांगतं की विक्री कमी पडली. प्लॅन हाताशी असेल तर विचारता येतं: माणसं चुकली, की ऑर्डर पिकायला लागणारा वेळच आपण कमी धरला? पहिल्याचा उपाय माणसं बदलणं, दुसऱ्याचा थांबणं. चुकीचा उपाय केला तर चांगली माणसं हातची जातात.

वाढीत सगळ्यात जास्त घात होतो तो खेळत्या भांडवलात, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशात. समजा माल गोदामात 45 दिवस राहतो, विक्रीनंतर वसुलीला 60 दिवस लागतात आणि पुरवठादार 30 दिवसांची उधारी देतो. 45 अधिक 60 उणे 30, म्हणजे 75 दिवस आपला पैसा अडकलेला. विक्री दुप्पट झाली आणि हे दिवस तेच राहिले, तर अडकलेली रक्कमही जवळजवळ दुप्पट होते. नफ्या-तोट्याच्या बजेटात हे दिसत नाही, कारण तिथे बिल फाडलं की विक्री धरली जाते. मग ऑर्डरी भरपूर, कागदावर नफा, आणि पगाराच्या तारखेला खातं रिकामं. अकाउंटंट याला ओव्हरट्रेडिंग म्हणतात. रोखीचं बजेट वेगळं मांडलं तर खड्डा कुठल्या महिन्यात आहे ते कळतं. तो कर्जानं भरायचा, नव्या भांडवलानं, ग्राहकाकडून आगाऊ घेऊन, की वाढच जरा धीमी करायची, हा निर्णय प्लॅनचा. तो मोठी ऑर्डर घेण्याआधी व्हायला हवा.

बजेट आणि दिशा वेगळ्या गोष्टी आहेत याचं एक ठळक उदाहरण स्वीडनच्या हान्डेल्सबँकेचं. यान वॉलांडर यांच्या नेतृत्वाखाली या बँकेनं 1970 च्या दशकात पारंपरिक बजेटपद्धत सोडली. ध्येय मात्र पक्कं ठेवलं: भागभांडवलावरचा परतावा स्पर्धकांच्या सरासरीपेक्षा जास्त हवा. त्या ध्येयाच्या आधारानं शाखांना निर्णय घेता आले. वाढत्या छोट्या कंपनीनं बजेट टाकून द्यावं असं मी अजिबात म्हणणार नाही, पण दिशा नसताना नुसतं बजेट पाळण्यानं फारसं हाती लागत नाही.

कंपनी पाच जणांची असते तोवर प्लॅन मालकाच्या डोक्यात असला तरी भागतं. चाळीस जण झाले की प्रत्येक खातेप्रमुखाच्या डोक्यात वेगळा प्लॅन असतो. विक्रीवाले महिन्याभरात माल देण्याचा शब्द देतात, उत्पादनवाले सहा आठवडे धरून बसलेले असतात. हे लिहायला बसल्यावरच उघड होतं. म्हणून नुसता बँकेला दाखवायला बाहेरून करून घेतलेला प्लॅन मला कमी कामाचा वाटतो. खातेप्रमुखांनी एकत्र बसून गृहीतकं लिहावीत, त्यातल्या पहिल्या वर्षाचं बजेट करावं, आणि दर तिमाहीला आकड्यांसोबत ती गृहीतकंही तपासावीत.