प्रकाश कोणाला दिसला? ‘जगाचा प्रकाश’ या वचनामागचा इतिहास

ख्रिस्ती माणसाला जी थोडी वचने तोंडपाठ असतात, त्यांत मत्तयाच्या शुभवर्तमानातले ‘तुम्ही जगाचा प्रकाश आहा’ हे हमखास असते. त्यावर प्रवचने होतात, गाणी रचली जातात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘चांगले वागा, म्हणजे लोक प्रभावित होतील’ एवढ्यावरच थांबतो. पण या वचनाचा इतिहास बराच लांबचा आहे आणि ख्रिस्ती लोकांना तो सगळाच सुखावणारा नाही. प्रकाश पडला की नाही हे सांगण्याचा अधिकार दिव्याला नसतो, बघणाऱ्याला असतो. म्हणून इथे मंडळीने, म्हणजे चर्चने, स्वतःबद्दल काय लिहिले यापेक्षा बाहेरच्यांनी काय नोंदवले, याला जास्त वजन दिले आहे.

या कल्पनेचे मूळ येशूच्याही आधीचे आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळाले आणि यहूदी लोकांना बाबेलच्या बंदिवासात नेण्यात आले. यशयाच्या ग्रंथाचा उत्तरार्ध या काळाशी जोडला जातो. त्यात देव आपल्या सेवकाला म्हणतो, की मी तुला राष्ट्रांसाठी प्रकाश केले आहे (४२:६, ४९:६). ज्यांच्याकडे राजा नाही, सैन्य नाही, मंदिरसुद्धा नाही, अशा हरलेल्या लोकांना हे सांगितले जात होते. त्याच ग्रंथाच्या ५८व्या अध्यायात हा प्रकाश नेमका कशाने उजळतो तेही आले आहे: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, निराश्रिताला घरात घ्या, उघड्याला वस्त्र द्या, मग तुमचा प्रकाश पहाटेसारखा फुटेल. उपासतापास करूनही देव ऐकत नाही, या तक्रारीला दिलेले हे उत्तर आहे. प्रकाश आणि सत्कर्मे यांची गाठ इथेच बसली.

डोंगरावरील प्रवचनात येशू हीच गाठ पुन्हा घट्ट करतो. दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो. तुमची सत्कर्मे पाहून लोकांनी स्वर्गातील पित्याचा गौरव करावा. हे वचन कुठे आले आहे तेही पाहण्यासारखे आहे. लगेच आधीच्या ओळींत नीतिमत्त्वासाठी छळ सोसणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. म्हणजे ज्यांची निंदा होणार आहे, त्यांच्याच समूहाला प्रकाश म्हटले जाते. आणि पुढच्याच अध्यायात येशू बजावतो, की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. दिसा आणि दिसण्यासाठी करू नका, या दोन आज्ञांमधला ताण पुढच्या दोन हजार वर्षांत काही सुटलेला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने या प्रवचनावर भाष्य लिहिताना हेतूचा निकष मांडला: सत्कर्म लोकांनी पाहणे यात दोष नाही, स्वतःच्या कौतुकाशी थांबणे यात आहे. निकष बरोबर आहे, पण दुसऱ्याचा हेतू तपासायला तो फारसा उपयोगी नाही.

नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत (१३:४७) पौल आणि बर्णबा हे सुरुवातीचे प्रचारक यशयाचे ते जुने वचन उचलून स्वतःच्या कामाला लावतात, पिसिदियातल्या अंत्युखियात. फिलिप्पैकरांस पत्रात पौल पुन्हा हीच प्रतिमा वापरतो, तेव्हा तो कैदेत आहे. ज्योतींसारखे दिसा असे सांगण्याआधी त्याने घातलेली अट फार साधी आहे: जे काही कराल ते कुरकुर व वादविवाद न करता करा. मंडळ्यांच्या बैठकांना बसलेल्या कोणालाही ही अट किती अवघड आहे ते ठाऊक असेल.

आता बाहेरच्यांची साक्ष. इ.स. ११२ च्या आसपास बिथुनिया-पंत प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिले. चौकशीत कळले ते त्याने नोंदवले: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तवन गातात, आणि चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, सोपवलेली ठेव नाकारणार नाही अशी शपथ घेतात. माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्या सेविका म्हणून ओळखल्या जात. हाती लागले ते काय, तर त्याच्या मते एक अतिरेकी अंधश्रद्धा. जे नाकारायला तयार नव्हते त्यांना त्याने मृत्युदंड दिलाच. पण त्याच्या कागदावर एकही खरा गुन्हा नाही.

त्याच शतकात लुकियान या विनोदी लेखकाने पेरेग्रीनस नावाच्या भोंदूची कथा लिहिली. हा भोंदू काही काळ ख्रिस्ती लोकांत शिरतो, तुरुंगात पडतो, आणि मग पहाटेपासून विधवा व अनाथ मुले तुरुंगाच्या दाराशी बसून राहतात, जेवण येते, पहारेकऱ्यांना पैसे चारून लोक आत त्याच्यासोबत रात्र काढतात, दूरच्या शहरांतून मदत घेऊन माणसे येतात. लुकियान हसतो आहे: यांच्या गुरूने यांना पटवले आहे की तुम्ही सगळे भाऊ आहात, म्हणून कोणीही लबाड येऊन यांना फसवून श्रीमंत होऊ शकतो. टिंगल म्हणून लिहिलेला हा मजकूर आज पहिल्या मंडळ्यांच्या जीवनाचा मोठा पुरावा ठरतो. स्तुती करायची म्हणून लिहिले असते तर एवढे तपशील क्वचितच आले असते.

तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली आणि अनेक वर्षे रेंगाळली. कार्थेजचा बिशप कुप्रियान याने आपल्या लोकांना केवळ स्वकीयांची नव्हे, तर इतरांचीही सेवा करायला लावले, असे त्याचा चरित्रकार सांगतो. आलेक्झांड्रियाच्या दियोनिसियाने लिहिले, की रोग्यांची शुश्रूषा करता करता कितीतरी ख्रिस्ती स्वतः मेले, तर बाकीचे लोक आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकून पळाले. हा बिशप आपल्याच लोकांबद्दल लिहितो आहे, त्यामुळे थोडी अतिशयोक्ती गृहीत धरावी.

सम्राट यूलियानाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही. तो ख्रिस्ती संस्कारांत वाढला, तो धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळला आणि ३६१ साली सम्राट झाल्यावर त्याने जुन्या उपासनेचे पुनरुज्जीवन हाती घेतले. गलतियाचा मुख्य पुरोहित अर्साकियस याला लिहिलेल्या पत्रात त्याची चिडचिड स्पष्ट दिसते. परक्यांविषयीचा दयाळूपणा, मृतांच्या दफनाची काळजी आणि सोज्ज्वळ राहणीचा देखावा यांमुळे हा ‘नास्तिकपणा’ (म्हणजे ख्रिस्ती धर्म) वाढला, असे तो म्हणतो. ख्रिस्ती लोकांना तो तिरस्काराने ‘गालीली’ म्हणे. हे गालीली आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, याची त्याला लाज वाटत होती. त्यावर त्याने उपायही केला: प्रत्येक नगरात धर्मशाळा उभारण्याची आज्ञा दिली आणि गलतियासाठी दरवर्षी ३०,००० मापे गहू आणि ६०,००० मापे द्राक्षारस मंजूर केला, त्यातला पाचवा हिस्सा पुरोहितांची सेवा करणाऱ्या गरिबांना, उरलेला परके व भिकारी यांना. राजकोशातून दया सुरू करण्याचा हा प्रयत्न फार टिकला नाही. ३६३ साली इराणच्या मोहिमेत तो मारला गेला. अथेन्समध्ये त्याच सुमारास शिकलेल्या बासिलाने पुढे कैसरियात दुष्काळ पाहिला आणि शहराबाहेर रुग्णालय, निवारा व कुष्ठरोग्यांसाठी जागा असलेली एक वसाहतच उभी केली. त्याचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, तिला नवे नगर म्हणत असे.

पण तोवर परिस्थिती पालटली होती. ३१३ साली ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, ३८० साली तो साम्राज्याचा धर्म ठरला. ज्याच्या हाती तलवार आहे त्याच्या दयेकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात, हे ओघानेच आले. पुढची अनेक शतके आतिथ्याची परंपरा मुख्यतः मठांनी जपली. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच आहे असे समजून त्याचे स्वागत करायला सांगितले आहे. १२१९ साली क्रूसयुद्ध चालू असताना असिसीचा फ्रान्सिस इजिप्तच्या सुलतानाला, अल-कामिलला, जाऊन भेटला. त्यानंतरच्या १२२१ च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये राहणाऱ्या आपल्या संघातल्या बंधूंना तो पहिला मार्ग सांगतो तो असा: वाद घालू नका, देवासाठी सर्वांच्या अधीन राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करा. (‘सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा’ हे त्याच्या नावावर खपणारे वाक्य त्याच्या लिखाणात सापडत नाही. तो शब्दही भरपूर वापरत असे.)

साक्षीची सर्वांत कडवट नोंद क्युबातली आहे. १५१२ साली हातुए नावाच्या आदिवासी प्रमुखाला स्पॅनिश लोकांनी जिवंत जाळायला खांबाला बांधले. पाद्रीने त्याला स्वर्ग-नरक समजावले. स्वर्गात हे ख्रिस्ती लोकही जातात का, असे त्याने विचारले. चांगले असतील ते जातात, असे उत्तर आले. मग मला तिथे जायचे नाही, असे तो म्हणाला. ही हकीकत बार्तोलोमे दे लास कासास या ख्रिस्ती धर्मगुरूनेच लिहून ठेवली, आपल्याच लोकांविरुद्ध.

१६३० साली अमेरिकेला निघालेल्या प्युरिटन वसाहतकारांना त्यांचा पुढारी जॉन विन्थ्रॉप याने ‘जगाचा प्रकाश’ या वचनाला जोडूनच येणाऱ्या डोंगरावरच्या नगराची आठवण करून दिली. तो फुशारकी मारत नव्हता, धाक घालत होता: सर्वांचे डोळे आपल्यावर असतील, आपण देवाशी खोटे वागलो तर जगभर आपले हसे होईल. विसाव्या शतकातल्या अमेरिकन पुढाऱ्यांनी नगर तेवढे उचलले, धाक वगळला. आणि त्या नगराने १६४१ सालीच आपल्या कायद्यात गुलामगिरीला जागा करून दिली होती. दोनशे वर्षांनी, १८४५ साली, गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने आत्मकथनाच्या शेवटी लिहिले, की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत कमालीचे अंतर आहे. एकाला चांगले मानायचे तर दुसऱ्याला वाईट मानणे भागच आहे. त्याच देशात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीने १६८८ साली जर्मनटाऊनमध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता, पण सभासदांना गुलाम ठेवण्याची पूर्ण बंदी करायला फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेला १७७६ साल उजाडले. सज्जनांच्या मंडळीलाही आपल्याच घरातला अंधार दिसायला इतका वेळ लागला.

त्यानंतरचे एक उदाहरण फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या ल शाँबों-सुर-लिन्यों या गावाचे. गाव बहुतांशी प्रोटेस्टंट, पूर्वजांनी सोसलेल्या छळाची आठवण ताजी ठेवणारे. जून १९४० मध्ये फ्रान्सने शरणागतीच्या करारावर सही केली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्याचा सहकारी एदुआर तेस यांनी आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करण्याचे आवाहन केले. १९४२ च्या उन्हाळ्यात सरकारचा मंत्री भेटीला आला तेव्हा शाळेतल्या विद्यार्थ्यांनी त्याच्या हाती पत्र दिले: पॅरिसमध्ये ज्यूंची धरपकड झाली हे आम्हाला कळले आहे, आमच्यातल्या ज्यूंवर तशी वेळ आली तर आम्ही त्यांना लपवू. गावाने तसेच केले. पाळकाचा नातलग, शिक्षक दानिएल त्रोक्मे, विद्यार्थ्यांबरोबर पकडला गेला आणि १९४४ साली मायदानेक छावणीत मरण पावला. १९९० साली ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेने या परिसरातील लोकांचा सामूहिक गौरव केला. ही संस्था असे गौरव करते ते प्रामुख्याने वाचलेल्यांनी दिलेल्या साक्षी तपासून. वाचवणाऱ्यांना विचारले तर बरेच जण म्हणत, त्यात सांगण्यासारखे काय आहे?

मंडळीच्या अधिकृत भाषेतही विसाव्या शतकात फरक पडला. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मंडळीविषयीचा आपला प्रमुख दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्याच वाक्यात राष्ट्रांचा प्रकाश ख्रिस्त आहे असे म्हटले आहे. मंडळीच्या मुखावर पडतो तो त्याचा प्रकाश. वर्षभराने, ७ डिसेंबर १९६५ च्या दस्तऐवजात, नास्तिकतेविषयीच्या परिच्छेदात परिषदेने आणखी एक कबुली दिली. नास्तिकता वाढण्यात विश्वासणाऱ्यांचाही वाटा लहान नाही. श्रद्धेचे चुकीचे शिक्षण आणि नैतिक व सामाजिक जीवनातील उणिवा यांमुळे त्यांनी देवाचे खरे रूप दाखवण्याऐवजी झाकले आहे, असे तिथे नोंदवलेले आहे.