वारं गेल्यावर: पक्षाघाताच्या उपचारांची पार्श्वभूमी

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची अर्धी बाजू लुळी पडली की घरचे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." कुणी तेल चोळतं, कुणी पेजेचं निवळ चमच्याने पाजतं. हे मायेपोटीच होतं. पण घशाचे स्नायूही दुबळे झालेले असतात. निवळ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि दोन-तीन दिवसांत ताप चढून न्यूमोनिया होतो. मेंदूच्या झटक्यातून वाचलेला माणूस मग छातीच्या संसर्गाने जातो.

पणजीत 1842 साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, तीच 1963 मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाली. या सव्वाशे वर्षांत जगभरच पक्षाघातावर खाटेवरची शुश्रूषा सोडली तर उपाय नव्हता. गुठळीने रक्त अडलंय की शीर फुटून रक्तस्राव झालाय, हे बाहेरून नक्की ओळखता येत नाही आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा हा फरक जिवंतपणी दिसू लागला.

गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेझ हे औषध पक्षाघातासाठी त्यानंतरही चोवीस वर्षांनी आलं. डिसेंबर 1995 च्या अमेरिकी चाचणीत तीन तासांच्या आत दिलेल्या या औषधाने तीन महिन्यांनंतर अपंगत्व कमी झालं. मृत्यू मात्र लक्षणीय घटले नाहीत आणि 6.4 टक्के रुग्णांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. 2008 मध्ये मुदत साडेचार तासांवर गेली.

हे तास मोजायचे ते रुग्णाला शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून. रात्री दहाला ठणठणीत झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा उठला, तर साध्या सीटीच्या भरवशावर आठ तास गेले असंच धरावं लागतं. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज साठ-पासष्ट किलोमीटर. कुठ्ठाळी ते आगशी हा जुवारी पुलाचा टप्पा वर्षानुवर्षं वाहतुकीत अडकायचा. डिसेंबर 2022 मध्ये नवा पूल खुला झाल्यावर बराच सुटला. पण खरा वेळ जातो तो "थोडं थांबून बघूया" म्हणण्यात आणि जिथे सीटी नाही अशा दवाखान्यांच्या पायऱ्या चढण्यात. 108 ला फोन करतानाच वेळ, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि अंदाजे वजन सांगितलं, तर पुढचं काम हलकं होतं.

वजन महत्त्वाचं, कारण अल्टेप्लेझची मात्रा किलोला 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90. साठ किलोच्या माणसाला 54: त्यातले 5.4 एका मिनिटात, उरलेले 48.6 तासाभरात पंपाने. आधी रक्तदाब 185/110 च्या खाली हवा आणि ग्लुकोमीटरवर साखर पाहिलेली हवी, कारण साखर उतरली तरी हुबेहूब पक्षाघात दिसतो. टेनेक्टेप्लेझ हे गुठळी विरघळवणारं दुसरं औषध किलोला 0.25 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 25, एकाच सुईत. पंप लागत नाही म्हणून छोट्या रुग्णालयाला ते सोयीचं. एक धोका मात्र आहे: हेच औषध हृदयविकारात जवळपास दुप्पट मात्रेत देतात, त्या सवयीने सिरिंज भरली तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती.

औषधाच्या या गाजावाजात दुसरा, आमच्या मते मोलाचा, धागा मागे पडला. पक्षाघाताचे रुग्ण एकाच कक्षात, प्रशिक्षित परिचारिकांच्या हाती ठेवले तर मृत्यूही घटतात आणि अपंगत्वही. 1990 च्या दशकात अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केल्यावर हे स्पष्ट झालं. वय कितीही असो, गुठळी असो वा रक्तस्राव, फायदा सगळ्यांना. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 19 कक्षांच्या चाचणीत परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळणं या तीनच गोष्टी नेमाने सांभाळल्या. तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण 58 वरून 42 टक्क्यांवर आलं. यात महागडं यंत्र कुठलंच नव्हतं.

गिळण्याची तपासणी अशी: रुग्ण पूर्ण जागा हवा, पाठ सरळ टेकवून बसवलेला. तोंड स्वच्छ करून आधी एक चमचा पाणी, गिळताना गळ्याची घाटी वर सरकते का ते बोटांनी पाहायचं. दोन-तीन चमचे निभावले तर पेल्यातून थोडं. खोकला आला, किंवा "आऽ" म्हणताना आवाज ओला, घरघरता लागला, की तोंडाने पाणी, पेज, गोळी सगळं बंद. नाकातून राइल्स ट्यूब. नळी पोटातच आहे याची खात्री करून, डोकं 30 अंश वर ठेवूनच अन्न द्यायचं. चूक होते ती बहुधा रात्री. पाळी बदलते, "तोंडाने काही नको" ही पाटी खाटेवर नसते आणि नातेवाईक चहा पाजतात.

नातेवाइकांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवलं तर? आपल्याकडच्या मनुष्यबळाच्या तुटवड्यावर हा स्वाभाविक तोडगा. भारतातल्या 14 रुग्णालयांत तो तपासला गेला. 2017 मध्ये निकाल आला: घरच्यांना शिकवलेला गट आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेला गट, दोन्हींत सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी 47 टक्केच, म्हणजे शिकवण्याने काही भर पडली नाही. घरच्यांचे हात फिजिओथेरपिस्टची जागा भरून काढतात असं त्यातून दिसलं नाही. तरीही घरी पाठवताना त्यांना एक गोष्ट दाखवावीच लागते: रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही. सैल पडलेला खांदा त्याने खाली सरकतो आणि मग दुखण्यापायी रुग्ण तो हात कुणाला हलवूच देत नाही.