गालिच्यावरची हळद आणि धुण्याचा सोडा

सांगली हळदीची पेठ, त्यामुळे हळदीकुंकवानंतर गालिच्यावर पिवळा डाग ठरलेलाच. ‘धुण्याचा सोडा चोळा, निघून जातो’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. चोळला की डाग लाल होतो आणि घरात एकच गोंधळ: ‘अगं, कुंकूपण सांडलं वाटतं!’ कुंकवाचा काही संबंध नाही. हळदीतलं कर्क्युमिन सोड्यासारख्या अल्कलीत लाल होतं, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. रंग बदलतो, जात नाही. उलट लोकरीचा गालिचा असेल तर सोड्याने धागाच खराब होतो.

कोरडी पूड न घासता चमच्याने उचला. भांड्यांच्या सौम्य लिक्विडचं पाणी फडक्याने कडेकडून टिपत आत या, मग उन्हात टाका. कर्क्युमिन उजेडात फिकं पडतं. गालिच्याचा रंगही उडतो म्हणा, तेव्हा बाकीचा भाग झाकून.