केली बार्न्स धरण: एका खाजगी बांधामागचा इतिहास

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टोकोआ धबधब्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचे मातीचे धरण होते. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर दीडच्या सुमारास ते फुटले. धबधब्याखाली एका बायबल महाविद्यालयाची वस्ती होती. तिथली ३९ माणसे गेली.

हे धरण कुणी एकदाच आखून बांधलेले नव्हते. १८९९ मध्ये छोट्या वीजघरासाठी लाकडी चौकटीत दगड भरून बांध घातला गेला. १९३७ च्या सुमारास महाविद्यालयाच्या संस्थेला भरवशाची वीज हवी होती, म्हणून त्याच बांधावर मातीचा भराव टाकला. दुसऱ्या महायुद्धानंतर उंची पुन्हा वाढवली. खडकापासून माथा सुमारे ४२ फूट झाला. पुढे चौकशी पथकाला आराखडे मिळालेच नाहीत.

१९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि तलाव केवळ विरंगुळ्याचा उरला. माझ्या मते धोका इथून वाढला. विजेसाठी लागणाऱ्या धरणाकडे कुणाचे तरी लक्ष असते. बिनकामाच्या धरणावर झाडे वाढतात, तशी इथेही वाढली. खालच्या बाजूचा उतार काही ठिकाणी जवळजवळ एकास एक, म्हणजे मातीच्या भरावासाठी फारच उभा होता. १९७३ च्या एका छायाचित्रात त्याच उतारावर १२ फूट उंच आणि ३० फूट रुंद घसरण स्पष्ट दिसते. फुटण्याच्या चार वर्षे आधी! चौकशीत एकच एक कारण ठरले नाही, पण जोरदार पावसाने भिजलेला हा उतार सरकला असावा आणि जुन्या पाइपालगतच्या गळतीने त्यात भर घातली असावी, असा निष्कर्ष निघाला.

कायदा नव्हता असेही नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळसा खाणीचा गाळबांध फुटून १२५ जण मेले, आणि त्याच वर्षी देशभरातील धरणांच्या तपासणीचा कायदा झाला. लष्करी अभियंत्यांनी धरणांची यादी केली, पण तपासणीला पैसा मिळाला नाही. तो मिळाला टोकोआनंतर. मूळचे जॉर्जियाचेच असलेले राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तपासणीचा आदेश दिला. १९८१ पर्यंत फुटल्यास खाली माणसे दगावतील अशी, केंद्र सरकारच्या मालकीची नसलेली सुमारे ८,८०० धरणे पाहून झाली. त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

जॉर्जियाने १९७८ मध्ये स्वतःचा धरण-सुरक्षा कायदा केला. त्यात धरणाचा वर्ग ठरतो तो फुटल्यास खाली माणसे दगावण्याची शक्यता किती, यावर.