डोहाळ्यांचा रेणू आणि मामांचं ताट

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. 'साखर पूर्ण बंद करा, कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतील. या शोधाला नोबेल मिळालंय!' एरवी मी असले मेसेज न वाचता पुसतो. पण वाळवा तालुक्यात माझे मामा स्वादुपिंडाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते, आणि मेसेज वाचून मामीने त्याच दिवशी त्यांचा गुळाचा चहा बंद केला. उसाच्या फडात उभा जन्म काढलेला माणूस, त्याचा गोड चहा!

मेसेजात थोडं खरं आहे, म्हणूनच तो फसवतो. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात पाहिलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं खातात आणि ऑक्सिजन हाताशी असूनही ते पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट करून बाहेर टाकतात. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते ती याच खादाडपणामुळे. वॉरबर्गना १९३१ साली नोबेल मिळालं ते मात्र श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही गोष्टींची मोट बांधली.

रक्तातली साखर काही फक्त चहातून येत नाही. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. तोंडावाटे आलं नाही तर यकृत ते तयार करतं, आणि त्यासाठी कच्चा माल म्हणून स्नायूंमधली प्रथिनं फोडली जातात. म्हणजे चहा बंद केल्यावरही गाठीला तिचा वाटा मिळतच होता, बिल मात्र मामांच्या मांड्यांवर फाटत होतं.

इथे मला हरिपूरची पेवं आठवतात. सांगलीकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी: हळद साठवायला जमिनीत खणलेली खोल कोठारं. आपल्या शरीरातही अशी दोन पेवं आहेत, एक चरबीचं आणि एक स्नायूंचं. निरोगी माणूस बरेच दिवस उपाशी राहिला तर शरीर मुख्यतः चरबीचं पेव उपसतं. काही दिवसांत मेंदूही चरबीपासून बनलेल्या कीटोनवर भागवायला शिकतो, आणि स्नायूंचं पेव बरंचसं झाकलेलं राहतं. कॅन्सरमध्ये दोन्हींची तोंडं एकदमच उघडतात. अंगात सतत धुमसणारा दाह स्नायूंना 'फोडा' असा हुकूम देत राहतो. याला कॅशेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोंहून अधिक, तर डॉक्टर याचा संशय घेतात. नुसतं खाऊ घालून हे पेव पुन्हा भरत नाही.

पण मुळात माणूस खातच का नाही? "ताटाकडं बघून तोंड फिरवतायत ओ," मामी म्हणायची, आणि तिच्या आवाजात काळजीइतकाच राग असायचा. इथे माझा आवडता रेणू येतो. त्याचं नाव जीडीएफ-१५. नाव रुक्ष आहे, गोष्ट नाही.

शरीरातली कुठलीही पेशी अडचणीत आली की ती हे प्रथिन रक्तात सोडते. तसं ते सगळ्यांच्या रक्तात थोडंफार असतं, बऱ्याच कॅन्सरमध्ये मात्र त्याचं प्रमाण खूप चढतं. हे खाण्यावरची वासना उडवतं आणि वजन उतरवतं, असं २००७ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. पण ते नेमकी कुठली कडी वाजवतं हे दहा वर्षं सापडत नव्हतं. २०१७ साली चार वेगवेगळ्या गटांना एकाच वेळी ते सापडलं: जीफ्राल नावाचा ग्राही, म्हणजे पेशीवरचं निरोप टिपणारं प्रथिन. तो जवळजवळ फक्त मेंदूच्या मागच्या, मानेलगतच्या भागात असतो. तिथे एरिया पोस्ट्रेमा म्हणून एक चिमुकला ठिपका आहे. मेंदूभोवती रक्तातल्या पदार्थांना अडवणारी जी भिंत असते, तिला इथे मुद्दाम खिडकी ठेवलेली आहे. रक्तात विष आलंय का हे हुंगणं हे या ठिपक्याचं काम. राजाच्या ताटातला पहिला घास खाऊन बघणारा सेवक असायचा, तसा. जीडीएफ-१५ जीफ्रालला चिकटलं, की रेट नावाचं दुसरं प्रथिन शेजारी येऊन जोडी जमते, पेशीच्या आत फॉस्फेटची साखळी सुरू होते आणि हा सेवक ओरडतो: ताट बाजूला सारा! मग मळमळ, वासाची शिसारी, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटणं. (रेट आणि फॉस्फेट डोक्यावरून गेलं असेल तर सोडून द्या, ओरडणारा सेवक तेवढा लक्षात ठेवा.)

आता गंमत बघा. हेच प्रथिन गर्भारपणात वार (गर्भाला पोसणारा अवयव) भरपूर प्रमाणात रक्तात सोडते. कडक डोहाळे लागतात, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, त्यामागे मुख्यतः हाच रेणू आहे हे २०२३च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. ज्या बायकांच्या रक्तात तो गर्भारपणाआधी कमी असतो त्यांना त्रास जास्त, कारण मेंदूला त्याची सवय नसते. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांमध्ये तो आधीपासूनच चढलेला असतो, त्यांना उलट्यांचा त्रास कमी.

म्हणजे मामांना एका अर्थी डोहाळेच लागले होते. आणि डोहाळे कसे सांभाळायचे हे आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. गर्भार सुनेला कोणी "मनावर घे, खा" म्हणून दटावत नाही. फोडणीचा वास तिच्यापर्यंत जाऊ देत नाहीत, ताट भरत नाहीत, मध्यरात्री कैरी मागितली तरी शोधून आणतात. कॅन्सरच्या पेशंटला मात्र आपण हट्टी ठरवतो.

हे मी मामीला समजावलं असतं तर तिने ऐकलं नसतं. ऐकलं ते मिरजेच्या आहारतज्ज्ञ बाईंचं. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांनीच आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं. (पॅलिएटिव्ह म्हणजे 'आता घरी न्या' असा आमचा समज होता. दुखणं, मळमळ, खाणं, झोप, घरच्यांची घालमेल या सगळ्याकडे बघणारी ही शाखा आहे आणि ती उपचार चालू असतानाही सुरू करता येते.) बाईंनी आल्या आल्या पथ्याचा छापील कागद दिला नाही. विचारलं, कुठला वास नको होतो? दिवसात बरं कधी वाटतं? लोखंड चघळल्यासारखी चव लागते का?

अशा पेशंटला साधारण किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिन रोज मिळावं असा अंदाज धरतात. मामांचं वजन तेव्हा ४८ किलो. मामी त्यांना दिवसभर भाताची पेज पाजत होती, आणि पेज म्हणजे बहुतांशी पाणीच. बाईंनी पेजेच्या जागी मऊ भात, तूप, दाण्याचं कूट, दुधात दुधाची पावडर, उकडलेलं अंडं असं सुचवलं. ताटाऐवजी वाटी, तीही अर्धी, दर दोन तासांनी. स्टीलच्या चमच्याऐवजी प्लास्टिकचा. अन्न गार करून, कारण गार अन्नाला वास कमी. पोटभर खायचं ते सकाळी. आणि मामी फोडणी परसातल्या चुलीवर द्यायला लागली.

बाईंना मामांच्या बोलण्यातून आणखी एक कळलं: शौचाला चिकट, तेलकट होत होतं. स्वादुपिंड बिघडलं की चरबी पचवणारं एन्झाइम आतड्यात पोचत नाही, तूप जसंच्या तसं बाहेर पडतं. डॉक्टरांनी एन्झाइमच्या गोळ्या आधीच लिहून दिल्या होत्या, पण मामा त्या जेवण झाल्यावर घ्यायचे. पहिल्या घासाबरोबर सुरू केल्या आणि चार दिवसांत फरक पडला. मामांच्या मधुमेहाचं कडक पथ्यही डॉक्टरांना विचारून सैल झालं. गुळाचा चहा परत आला.

एका नातलगाने कर्क्युमिनच्या महागड्या गोळ्या आणून दिल्या होत्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आम्हाला तिचा अभिमान आहे, पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. ते जावं म्हणून मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. बाईंनी त्या बंद केल्या. भाजीत चिमूटभर हळद घालायला कोणाचीच हरकत नव्हती. गव्हांकुराच्या रसावर मी काही लिहीत नाही, त्यावर निम्मा जिल्हा रागावेल.

जीडीएफ-१५ला रक्तातच पकडणारं पॉन्सेग्रोमॅब नावाचं औषध २०२४ साली १८७ रुग्णांवर तपासलं गेलं. सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांचं वजन बारा आठवड्यांत, नुसती नकली सुई घेणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी २.८ किलोंनी जास्त भरलं. पुढच्या चाचण्या झाल्याशिवाय ते औषधाच्या दुकानात यायचं नाही, त्यामुळे कोणी आत्ताच विकत असेल तर सावध राहा.

मामांचं वजन दीडेक महिना टिकलं, मग पुन्हा उतरू लागलं. शेवटच्या आठवड्यात ते काहीच घेईनात, तेव्हा मामी म्हणाली, नळी घाला. बाईंनी तिच्याशेजारी बसून सांगितलं की या टप्प्यावर बहुतेकांना भूक जाणवतच नाही, आतडी काम थांबवत असतात, आणि नळीतून ओतलेलं छातीत जाऊन घरघर वाढू शकते. कोरडं पडतं ते तोंड, ते ओलं ठेवा.

मामी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांवरून फिरवायची. दुसऱ्या दिवशी तिने मला बाईंना फोन लावायला सांगितला. पाण्याऐवजी गुळाच्या चहात बुडवला तर चालेल का?

चालेल, त्या म्हणाल्या, कोमट असू द्या.