शिडाच्या बोटीचे रिगिंग : तार आणि कृत्रिम दोर

शिडाच्या बोटीची डोलकाठी ज्या ताणलेल्या तारा-दोरांच्या आधाराने उभी राहते, त्यांना स्थिर रिगिंग म्हणतात. काठीला पुढून व मागून धरतात ते स्टे आणि दोन्ही बाजूंनी धरतात ते श्राउड. शीड चढवणारे हॅलयार्ड आणि शिडाचा कोन बदलणारे शीट हे चल रिगिंग. चल रिगिंगमध्ये आता बहुतेक बोटींवर कृत्रिम दोरच दिसतो. स्थिर रिगिंगसाठी मात्र स्टेनलेस पोलादाची तार घ्यावी की उच्च मापांकाच्या (म्हणजे ताणाखाली फार कमी लांबणाऱ्या) पॉलिएथिलीन प्लास्टिकचा दोर, यावर बोटमालकांत अजून एकमत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा प्रश्नच नव्हता. जहाजांचे सगळे रिगिंग डांबर लावलेल्या हेंपच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या तंतूंच्या) दोरांचे असे. ते भिजले की आखडत आणि वाळले की सैल पडत, त्यामुळे खलाशांना ते सतत ताणून घ्यावे लागत. १८३४ मध्ये विल्हेल्म आल्बर्ट यांनी जर्मनीतील क्लाउस्टालच्या खाणींसाठी लोखंडी तारांचा दोर तयार केला आणि पुढच्या काही दशकांत जहाजांनीही तार स्वीकारली. दोराच्या पुनरागमनाची सुरुवात १९७९ सालची. त्या वर्षी डीएसएम या डच कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांच्या जेल-स्पिनिंग पद्धतीचे (विरघळवलेल्या पॉलिएथिलीनपासून तंतू ओढण्याच्या पद्धतीचे) पेटंट नोंदवले गेले. तिच्यातून निघालेला तंतू ‘डायनीमा’ या नावाने १९९० पासून मोठ्या प्रमाणावर बनू लागला. त्याच जातीचा अमेरिकी तंतू म्हणजे ‘स्पेक्ट्रा’.

दोराच्या बाजूने पहिला मुद्दा वजनाचा. रिगिंगमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी १९ धाग्यांची एकपदरी तार ६ मिमी जाडीची असेल, तर मीटरमागे सुमारे १८० ग्रॅम भरते आणि तीन टनांच्या जरा अलीकडे तुटते. तेवढ्याच जाडीचा बारा पदरी डायनीमाचा दोर पंचवीस ग्रॅमच्या आतबाहेर असतो आणि चार टनांच्या आसपास भार घेतो. डोलकाठीच्या वरच्या भागातले प्रत्येक किलो लांब तरफेच्या टोकाला टांगलेले असते. ते कमी झाले की बोट कमी कलते आणि लाटांवर तिची नाळही (पुढचे टोक) कमी आपटते.

तरीही दोराची जाडी तुटण्याच्या भारावरून ठरवणे चुकीचे आहे. ती ठरवायची ताणाखाली होणाऱ्या लांबीवाढीवरून. ही वाढ तीन प्रकारची असते. नव्या दोराची वीण घट्ट बसताना येणारी ढिलाई पहिली. भार आला की लांबणे आणि गेला की मूळ लांबीवर येणे, हा दुसरा प्रकार. तो तारेतही असतो. तिसरा प्रकार म्हणजे क्रीप : सततच्या ताणाखाली तंतूतले रेणू एकमेकांवरून सावकाश घसरतात आणि दोर कायमचा लांबतो. क्रीपचा वेग ताणाबरोबर वाढतो, तापमानाबरोबर त्याहून वाढतो. म्हणून उष्ण प्रदेशातल्या बोटीला जाड दोर लागतो. नेहमीचा ताण तुटण्याच्या भाराच्या लहानशा अंशाइतका राहील असा दोर निवडला, की ताकद आपोआप गरजेच्या कितीतरी पट होते. आइसलँडच्या हॅम्पिडयान कंपनीने ताण देऊन उष्णतेत बसवलेला दोर आणला, त्यात वीण आधीच घट्ट झालेली असते. डायनीमाच्याच डीएम२० सारख्या प्रकारांत क्रीप मुळातच फार कमी आहे. ६ मिमी तारेच्या जागी ८ मिमीचा दोर घातला तरी वजन मीटरमागे चाळीस ग्रॅमच्या घरात राहते. वाऱ्याला होणारा अडथळा मात्र वाढतो.

तापमानाचा एक विचित्र परिणाम नव्याने दोर बसवणाऱ्यांना चकवतो. डायनीमा थंडीत लांबतो आणि उष्णतेत आखडतो. १५ मीटर उंचीची अ‍ॅल्युमिनियमची काठी २० अंशांनी थंड झाली तर सुमारे ७ मिमी आखडते आणि त्याच वेळी तेवढ्याच लांबीचा दोर ३ ते ४ मिमी लांबतो. श्राउड सेंटीमीटरभर सैल पडतात. पोलादी तार काठीबरोबरच आखडत असल्याने तिथे फरक दोनेक मिलिमीटरच राहतो. कार्बनची काठी फारशी आखडत नाही, त्यामुळे तिच्याबरोबर दोराचे हे वागणे कमी जाणवते.

तारेचा खरा दुबळेपणा तिच्या टोकांशी असतो. तारेवर दाबून बसवलेल्या नळीत खारे पाणी झिरपते आणि साचते. स्टेनलेस पोलादाचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो; तो त्या फटीत पोहोचत नाही आणि क्लोराइड धातूत खड्डे पाडते. त्यात वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी आलेला शीण मिळतो. बाहेरून चकचकीत दिसणारी तार एके दिवशी नळीच्या तोंडाशीच तुटते. म्हणूनच दहा-पंधरा वर्षांनी, दिसायला चांगली असली तरी, तार बदलतात आणि अनेक विमा कंपन्याही तसा आग्रह धरतात. उघडून पाहता येणारी स्क्रूची टोके त्यापेक्षा बरी, पण उघडून पाहण्याचे कष्ट सगळेच घेतात असे नाही.

दोर गंजत नाही. त्याला मारतात ऊन, घर्षण आणि धार. सूर्यप्रकाशाने बाहेरचे तंतू आधी कमजोर होतात, त्यामुळे पातळ दोराचे नुकसान प्रमाणाने अधिक. साधारण पाच ते आठ वर्षांनी दोर बदलण्याची शिफारस केली जाते. झीज सहसा डोळ्यांना दिसते आणि हातालाही लागते. पृष्ठभागावरची हलकी लव मात्र घाबरण्यासारखी नसते. दोर चाकूने कापता येतो. काठी मोडून समुद्रात लोंबकळू लागली, तर हा गुण बोट वाचवतो. एरवी तोच दोष. शिवाय हा तंतू १५० अंशांच्या अलीकडेच वितळतो.

डायनीमा इतका गुळगुळीत असतो की गाठ सरकते, आणि टिकली तरी निम्मी ताकद खाते. म्हणून टोकाला स्प्लाइस करतात : दोराचे टोक त्याच्याच पोटात व्यासाच्या सुमारे ७२ पट लांबीपर्यंत ओवतात आणि शेवटाकडे निमुळते करतात. ६ मिमीच्या दोरात हे अंतर साधारण ४३ सेंमी होते. हे काम बोटमालक स्वतः शिकू शकतो, दूरच्या प्रवासात सुट्या दोराचे वेटोळे कपाटात ठेवता येते, आणि माझ्या मते लांब पल्ल्याच्या भटक्यांसाठी वजनापेक्षा हाच फायदा मोठा आहे. खाली ताण देण्यासाठी टर्नबकलऐवजी (फिरवून ताण देणाऱ्या स्क्रूऐवजी) बारीक दोरीचे फेरे घेतात, जसे हेंपच्या काळात घेत.

काही जागा अजून तारेच्याच. गुंडाळणाऱ्या शिडाच्या नळीत पुढचा स्टे फिरत्या भागांशी घासतो आणि तिथे झीज दिसतही नाही, म्हणून बाकी सगळे दोराचे करणारेही तो बहुधा तारेचा ठेवतात. मागच्या स्टेचा रेडिओ अँटेना म्हणून वापर होत असेल, तर दोर घातल्यावर वेगळी तार ओढावी लागते. शर्यतीच्या मोठ्या बोटी पीबीओ (आणखी एक कृत्रिम तंतू) किंवा कार्बनकडे वळतात. पीबीओला प्रकाश आणि दमट हवा सोसत नाही, त्यामुळे त्याला बंद आवरण लागते. दोन-तीन सांगाड्यांच्या (कॅटामरान, ट्रायमरान) रुंद बोटींना डायनीमा विशेष मानवतो, कारण श्राउड काठीपासून दूर बांधलेले असतात आणि त्यांच्यावरचा ताण त्या मानाने कमी राहतो.

तार काढून दोर घालताना डोलकाठीच्या माथ्यावरची पुली आधी उतरवून बघावी. जुन्या तारेच्या हॅलयार्डने तिच्या खाचेत अरुंद चर पाडलेला असतो आणि त्याच्या कडा नवा दोर काही महिन्यांत कापतात. श्राउड जिथे आडव्या दांडीच्या टोकावरून वळतो, तिथली खाचही अशीच घासून गुळगुळीत करावी लागते किंवा बदलावी लागते.